विद्युत अभियंत्याचे वेतन : कागदावरचे आणि हातातले

खालापूर तालुक्यातील खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, तर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे 1922 साली. घाटमाथ्यावरील तलावांच्या पाण्यातून निर्माण झालेल्या या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ऑगस्ट 2023 मध्ये भिवपुरी येथील 1,000 मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार झाला. मुलाला विजेचे शिक्षण दिल्यास पगार किती मिळेल, असे या भागातील पालकांनी गुरुजींना किंवा सरपंचांना विचारावे, हे साहजिकच होय.

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शिकाऊ उमेदवारांसाठी 2019 च्या नियमांनी ठरविलेले किमान मासिक विद्यावेतन पदवीधरास 9,000 रुपये, पदविकाधारकास 8,000 रुपये व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्रधारकास 7,000 रुपये होते. पदवी आणि पदविका यांत अंतर अवघे हजार रुपयांचे! खरे अंतर पडते ते पुढे, नियमित नेमणुकीच्या वेळी. 1 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनाच्या कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी 38,600 ते 1,22,800 रुपये ठरली. महागाई व घरभाडे भत्ता निराळा. या पदासाठी पदविका पुरते, ही गोष्ट पालकांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

खाजगी क्षेत्रात वर्षाचा एकूण आकडा सांगण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा. तरीही हा हिशेब त्यालाही जमला. समजा, नेमणूकपत्रात वार्षिक 3,00,000 रुपये लिहिले आहेत, म्हणजे महिना 25,000. त्यात मूळ वेतन निम्मे, 12,500 रुपये. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा 12 टक्के हिस्सा 1,500 रुपये आणि उपदानापोटी सुमारे 600 रुपये याच आकड्यात धरलेले असतात. नंतर कामगाराचा स्वतःचा हिस्सा 1,500 व व्यवसाय कर 200 रुपये वजा होतो. हातात उरतात सुमारे 21,200 रुपये. निधीची रक्कम बुडत नाही, ती खात्यावर साठते. उपदान मात्र नियमित सेवेत सामान्यतः पाच वर्षे सलग काम केल्यावरच पदरी पडते.

कंत्राटी नेमणुकीत नेमणूकपत्रावर कारखान्याचे नाव आहे की कंत्राटदाराचे, हे सहीपूर्वी पाहावे. कंत्राटदार बदलला तरी भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक तोच राहतो. पगारातून कपात झालेली रक्कम त्या खात्यावर दरमहा जमा होते की नाही, हे उमेदवारास स्वतः पासबुकात पाहता येते.