कंबर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

रोवणीचे दिवस आले की आमच्या सिंदेवाही तालुक्यात घरोघरी कंबरदुखी सुरू होते. चिखलात पाय, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत वाकलेली पाठ. त्याआधी मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा आणि घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसायचे. त्याच्याही आधी मोहफुले वेचायची. वर्षभरात कंबर सरळ ठेवायला मिळेल असा हंगामच नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावच्या पाठ-कंबरदुखीचा अभ्यास केला आणि मुंबईचे मणकेतज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनच्या साथीने आपल्या शोधग्राम इथल्या दवाखान्यात मणक्याच्या रुग्णांवर उपचार सुरू केले. दुखणे एवढे मोठे आहे, तरी ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून ते अंगावर काढण्याची आपल्याकडे रीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. घरी धानाची शेती आहे. माझे दुखणे कंबरेतून निघून उजव्या कुल्ल्यापर्यंत उतरायचे. सकाळी अंथरुणातून उठताना कूस वळायलाही धीर होत नसे. उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घ्यायचा, हा आमच्याकडचा जुना उपाय. नाहीतर नस बसवणाऱ्याकडे जायचे. आता त्यांच्या जोडीला शहरातले कायरोप्रॅक्टिक आले आहे. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ घरोघरी पाहिले जातात: मान एका झटक्यात वळते, ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि माणूस हसत उठतो. माझ्या मुलाने मला नागपुरातल्या अशाच एका ठिकाणी नेले.

तिथे माझी पाठ दाबली, मला कुशीवर वळवले, गुडघा पोटाशी घेऊन झटका दिला. आवाज आला आणि खरेच हलके वाटले. त्या दिवशी मी गाडीतून आधाराशिवाय उतरले. पण आठवडाही उलटला नाही, तोच दुखणे परत आले. मग एक्स-रे समोर धरून ‘मणका सरकला आहे, तो जागेवर आणायला बरेच महिने यावे लागेल’ असे सांगून आगाऊ पैशांचे पॅकेज पुढे केले गेले. पुढच्या खेपेला, मान दुखत नसतानाही, माझी मानही वळवली. मला विचारले नाही, रक्तदाब पाहिला नाही, पूर्वीचे आजार विचारले नाहीत. त्यानंतर दिवसभर मला भोवळ येत राहिली. ती उतरली, पण ‘माझ्या कंबरेला नेमके काय झाले आहे?’ या प्रश्नाचे उत्तर काही मला तिथे मिळाले नाही.

ते मिळाले ब्रह्मपुरीला, एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे. तिने पहिल्या भेटीत मला टेबलावर घेतलेच नाही. झोप कशी आहे, वजन कमी झाले का, ताप येतो का, लघवीला त्रास होतो का, पायात मुंग्या येतात का, घरात कुणाला सिकलसेल आहे का, असे एकेक विचारत गेली. टाचांवर चालायला लावले, मग चवड्यांवर. नंतर माझ्या हातात दोन-चार पेन्सिली दिल्या आणि म्हणाली, “काकू, आता रोवणी करून दाखवा.” मी वाकले. तिने थांबवले. “तुमचे गुडघे ताठ आहेत, सगळा भार कंबरेवर येतोय. आणि मांड्यांत ताकद उरलेली नाही, म्हणून गुडघे वाकवायचे तुम्ही टाळता.” माझ्या दुखण्याचे कारण इतक्या सरळ शब्दांत मला पहिल्यांदाच कुणी सांगितले.

तिने दिलेले व्यायाम साधे होते. पाठीवर झोपून, गुडघे मोडून कंबर उचलायची. हात न टेकता खुर्चीवरून उठायचे-बसायचे. हातापायांवर येऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ करायचा. आणि रोज चालायचे. सुरुवातीला फरक कळत नव्हता, उलट अंग आंबायचे. महिने गेले, आणि मग एकदा लक्षात आले की पाण्याची कळशी उचलताना मी जपून श्वास रोखत नाही. दुखणे आजही अधूनमधून डोके वर काढते, पण तेव्हा काय करायचे ते मला ठाऊक आहे.

आता या दोन पद्धतींची तुलना. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी १८९५ साली केली. मणके जागेवरून हलल्याने आजार होतात, हे त्यांचे म्हणणे. आजच्या शरीरशास्त्राचा त्याला आधार नाही. ‘कट्ट’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. तरीही पाठीला हाताने दिलेला उपचार टाकाऊ ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्यात रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे आणि व्यायाम यांच्या सोबतीने मणक्यावरचे असे उपचार आणि मालिश यांनाही जागा आहे. त्याआधी १९९८ साली अमेरिकेत डॅनियल चर्किन आणि सहकाऱ्यांनी ३२१ कंबरदुखीच्या रुग्णांवर कायरोप्रॅक्टिक, फिजिओथेरपी आणि एक साधी माहितीपुस्तिका यांची तुलना केली. पहिल्या दोन्हींचा गुण जवळपास सारखा निघाला, आणि पुस्तिकेपेक्षा तो थोडासाच जास्त होता.

मग मी फिजिओथेरपीकडे का झुकते? पहिले कारण असे की चांगला फिजिओथेरपिस्ट तुम्हाला स्वतःच्या पायावर उभे करतो. टेबलावरच्या झटक्याने दुखणे काही दिवस दबते, पण रोवणीत वाकण्याची ताकद त्याने येत नाही, आणि सिंदेवाहीहून दर आठवड्याला नागपूर गाठणे कुणाला परवडणार? दुसरे कारण जबाबदारीचे. फिजिओथेरपीचा रीतसर पदवी अभ्यासक्रम आहे, महाराष्ट्रात त्यासाठी राज्य परिषद आहे, आणि २०२१च्या केंद्रीय कायद्यातही या व्यवसायाची नोंद आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्या देशात कायद्याने नेमलेली परिषद नाही. परदेशात वर्षानुवर्षे शिकून आलेला आणि चार व्हिडिओ पाहून पाटी लावणारा, यांतला फरक रुग्णाला पाटीवरून कळणार नाही.

फिजिओथेरपीच्या नावाखालीही सगळीकडे चांगलेच काम होते असे नाही. पॅड लावायचे, मशीन सुरू करायचे, वजनाने कंबर ताणायची, पट्टा विकायचा आणि व्यायाम एकही शिकवायचा नाही, अशीही ठिकाणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शिकेने जुनाट कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, विजेच्या धक्क्याचे टेन्स यंत्र आणि कंबरपट्टा यांची नेहमीसाठी शिफारस केलेली नाही. तेव्हा पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा आत गेल्यावर तुम्हाला काय शिकवतात, ते बघा.

पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांना यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. आमच्या ओळखीतली एक बाई आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाविषयी सांगत होती, “बाई, पोट्ट्याचा पाय ओढून घेतला, मालिश बी केली. पण दुखनं काई जात नाही.” दुखणे जांघेत होते आणि मुलगा लंगडत होता. तपासणीत सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला. या आजारात खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड खचत जाते. अशा पायाला हिसके देणे म्हणजे खचणाऱ्या हाडावर घाव घालणे. आपल्या भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आढळतो. त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. तरुण मुलाचे हाड वारंवार दुखत असेल तर आधी ती तपासणी.

दुसरा धोका मणक्याच्या क्षयाचा. पाठ दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री घाम फुटतो, वजन उतरते. अशा पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो ढासळून पाय कायमचे लुळे पडू शकतात. क्षयाचे औषध सरकारकडून मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर आजार बरा होतो. म्हाताऱ्या बायांची हाडे ठिसूळ असतात. वर्षानुवर्षे दुखण्याच्या बिननावाच्या पुड्या खाल्लेल्यांचीही, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड असू शकते. त्यांनाही झटका नको.

काही लक्षणांत एक दिवसही थांबू नये. जांघेत आणि बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पाऊल उचलता न येणे, पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे. यांपैकी काहीही झाले तर थेट मोठा दवाखाना गाठा. आणि मानेला जोराचा झटका कुणाकडूनही घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. ती क्वचित घडतात, पण मानदुखीसाठी तेवढी जोखीम घेण्याचे कारण नाही.

एक्स-रे किंवा एमआरआय दाखवून कुणी घाबरवले तर हे आठवा: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना काहीच दुखत नव्हते अशा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गादीची झीज दिसली होती. चित्रातली प्रत्येक झीज दुखण्याचे कारण नसते.

उपचार करणाऱ्याला चार प्रश्न विचारा. तुमची पदवी आणि नोंदणी कोणती? माझे दुखणे कशामुळे आहे? मी घरी काय करायचे? किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढे काय? आगाऊ पॅकेज मागणाऱ्याकडे पैसे देण्याआधी घरी येऊन विचार करा. रोवणीत थोड्या थोड्या वेळाने उभ्या राहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवून मागे झुका, जुडीचा हात बदला, भारा उचलताना गुडघे वाकवा. आणि चाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरच्या अभ्यासात, चालण्याचा नेम शिकवलेल्यांची कंबरदुखी परत यायला मध्यकानुसार २०८ दिवस लागले, इतरांची ११२ दिवसांतच परत आली. आपल्याकडे वाघाची भीती आहे, म्हणून उजाडल्यावर, वस्तीतल्या रस्त्यावर, सोबतीने चाला.

बायांनो, दुखणे अंगावर काढू नका आणि पहिल्या भेटणाऱ्या हातातही देऊ नका. आधी ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या, कारण समजून घ्या, मग व्यायाम शिकवणारा माणूस शोधा आणि तो व्यायाम रोज करा.