अर्ज फुकट, फेऱ्या महाग

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याचा एक सत्तरीतला बाप. पोरगा कमावता, पण बापाकडे ढुंकून बघत नाही. बापाला पोटगी मागायची आहे. त्याची सरकारी फी किती? कायद्याने ठेवलेलीच नाही. वकील? लागत नाही, चालतही नाही. मग पैसे जातात कुठे?

पैसे जातात रस्त्यात. सिरोंच्याहून उपविभागीय अधिकाऱ्यांचे कार्यालय अहेरीला, शंभरेक किलोमीटर. साध्या एसटीचे एका बाजूचे पूर्ण तिकीट पावणेदोनशेच्या आसपास. बाप पासष्टीच्या पुढचा, म्हणून त्याचे अर्धे. जाऊन-येऊन १७५. पण सत्तरीतला माणूस एकटा जात नाही. सोबत पुतण्या घेतला तर त्याचे ३५०, वर त्याची बुडालेली मजुरी. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर धरला तरी ३१२ रुपये. दोघांचा चहा-जेवणाचा दीडशे. म्हणजे एका फेरीचे हजाराला थोडे कमी. अर्ज, समेटाची बैठक, सुनावणी, आदेश अशा चार फेऱ्या धरल्या तर चार हजार. फुकटच्या न्यायाचा हा भाव. पुतण्याऐवजी पुतणी किंवा सून सोबत गेली तर तिचे तिकीट अर्धे (१७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना ही सवलत आहे). बापाने पंचाहत्तरी गाठलेली असेल तर २०२२ च्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्याचे तिकीट शून्य. हिशेब असा बारीक केला तरच फेरी परवडते.

परदेशातल्या काही शहरांत ज्येष्ठांच्या प्रश्नांवर नगरपालिकेला सल्ला देणारे वेगळे आयोग असतात. चंद्रपूर महानगरपालिकेत तसे कुणी शोधत गेला तर हाती लागेल ती प्रभाग समिती. आपल्याकडे या कामाची दारे विखुरलेली आहेत आणि कोणते दार कशासाठी, हे माहीत नसल्यानेच निम्म्या फेऱ्या वाया जातात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा, महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २०१० चे. त्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची ज्येष्ठ नागरिकांची जिल्हा समिती आहे. ती कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवते, सल्ला देते. तुमच्या पोराने दरमहा किती द्यावे, हे ती ठरवत नाही. ते ठरवते न्यायाधिकरण, म्हणजे उपविभागीय अधिकारी. घरातले दुखणे घेऊन समितीकडे गेलात तर सहानुभूती मिळेल, आदेश मिळणार नाही. उलट बसस्थानकावर बसायला बाक नाही, वॉर्डातला दिवा महिनाभर बंद आहे, अशा सगळ्यांच्या तक्रारी न्यायाधिकरणापुढे नेऊन उपयोग नाही. त्या समितीकडे न्याव्यात, आणि एकट्याने नव्हे, ज्येष्ठ नागरिक संघाच्या लेटरहेडवर दहा सह्या घेऊन.

आता न्यायाधिकरणाचे सविस्तर, कारण खरा आदेश तिथेच मिळतो.

अर्ज कुठे करायचा, यावर लोक हमखास चुकतात. पोरगा पुण्याला म्हणून पुण्याला जायचे, असे नाही. आईबाप जिथे राहतात, आधी जिथे राहत होते, किंवा मुले जिथे राहतात, यांपैकी कुठल्याही ठिकाणी अर्ज चालतो. राजुऱ्याच्या आईने राजुऱ्यातच करावा, फेरी पोराने मारावी. गडचिरोली जिल्ह्यात बारा तालुके आणि सहा उपविभाग आहेत: गडचिरोली, देसाईगंज, कुरखेडा, चामोर्शी, अहेरी, एटापल्ली. भामरागडकरांना एटापल्लीला जावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा जुलै-ऑगस्टची तारीख मिळाली तर ती पुढे ढकलून मागायला संकोच करू नये. चंद्रपूरकरांची अडचण उलटी, मे महिन्याची. पारा सत्तेचाळिशीत असताना दुपारी तीनची सुनावणी म्हणजे म्हाताऱ्या माणसाला शिक्षाच. सकाळची वेळ द्या, असा लेखी अर्ज आधीच द्यावा. त्यालाही फी नाही.

वयाचा गोंधळ इथेच निस्तरून घेऊ. या कायद्यात ज्येष्ठ म्हणजे साठ वर्षे पूर्ण झालेला. पण आई किंवा बाप म्हणून अर्ज करायचा तर वयाची अटच नाही, पंचावन्नची विधवा आईही करू शकते. मूलबाळ नसेल तर ज्याच्याकडे तुमची मालमत्ता आहे किंवा तुमच्या मागे जाणार आहे, त्या नातेवाइकाकडून मागता येते. एसटीच्या अर्ध्या तिकिटाला मात्र पासष्ट, श्रावणबाळ योजनेला पासष्ट, आयुष्मान वय वंदना कार्डाला सत्तर, मोफत एसटीला पंचाहत्तर. आपल्या भागात कितीतरी बुजुर्गांच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी असते. नोंद घेणाऱ्याने अंदाजाने टाकलेली. एखाद-दोन वर्षांनी सवलत हुकत असेल तर शाळेचा दाखला किंवा तसा पुरावा असल्यास दुरुस्ती करून घ्यावी. आधार केंद्राचा ऑक्टोबर २०२५ पासूनचा दर ७५ रुपये आहे, त्यावर कुणी शंभर मागितले तर पावती मागावी. पावतीचे नाव काढले की भाव उतरतो, हा माझा अनुभव.

अर्जाबरोबर वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, मुलांची नावे-पत्ते, आणि जमीन किंवा घर मुलाच्या नावे केले असेल तर त्याचा सातबारा किंवा दस्त जोडावा. सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. पन्नास-शंभर रुपयांत हे भागते. माझ्या एका मावशीकडून तहसील आवारातल्या टपरीवर अर्ज लिहायचे आणि “आतले बघून घेण्याचे” मिळून बाराशे रुपये घेतले होते. आतले काहीच बघायचे नव्हते, अर्ज दीड पानाचा होता. असा अर्ज विधी सेवा प्राधिकरणात फुकट लिहून मिळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्हा न्यायालयांत त्याचे कार्यालय आहे, तालुक्याला समित्या आहेत, दूरध्वनी १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे उत्पन्नाची अटही नाही. माडिया, गोंडी किंवा तेलुगू बोलणाऱ्यांनी सोबत मराठी लिहिणारा माणूस न्यावा. आपले म्हणणे कागदावर नीट उतरले का, हे वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये.

आणखी एक भुर्दंड म्हणजे पाचशेचा स्टॅम्प. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या मुद्रांकाचे पाचशे झाले आणि टपरीवाल्यांचे फावले. प्रतिज्ञापत्र म्हटले की पाचशेचा कागद पुढे. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना राज्याने २००४ पासूनच मुद्रांक शुल्क माफ केलेले आहे. साधा कोरा कागद चालतो. तरीही कुणी हट्ट धरला तर “लेखी द्या” एवढेच म्हणावे.

अर्ज स्वतः देता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला किंवा संस्थेला लेखी अधिकार देता येतो. फेरी वाचवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तोच कमी वापरला जातो. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला तरी पोच जपून ठेवावी (जुने रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळले आहे).

नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. अपवाद म्हणून आणखी तीस दिवस. दरम्यान अंतरिम रक्कम मागता येते, ती अर्जातच मागावी, नंतर आठवली तर एक फेरी वाढते. रक्कम जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये. हा आकडा २००७ सालचा. तेव्हा तो बरा वाटत होता, आज एखाद्या दुखण्याच्या औषधांतच संपतो. तो बदलायला हवा, पण तोवर हाच आहे. आदेशानंतर तीस दिवसांत पैसे यायला हवेत. न आल्यास वॉरंट निघते, महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र त्यासाठी थकल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज करावा लागतो. “पोरगा आहे, देईल” म्हणून सहा महिने थांबलात की तेवढे हातचे गेले. आदेश पटला नाही तर साठ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील.

पोटगीपेक्षा जास्त म्हातारपणे बक्षीसपत्राने बुडाली आहेत. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, नातवाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. इतके स्वस्त असल्याने पोरे घाई करतात आणि बाप दुपारच्या जेवणाआधी भूमिहीन होतो. कायद्याचे कलम २३ म्हणते, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. ही अट दस्तात असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. पण उदारपणावर घर टांगू नये. “मरेपर्यंत अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहायला जागा देईल या अटीवर” ही ओळ दस्तात घालायला एक पैसाही जास्त पडत नाही. दस्तलेखक म्हणेल, गरज नाही. त्याला नसेल. त्याहून बरे म्हणजे मृत्युपत्र. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी शंभर रुपये, आणि पोराचे वागणे बदलले तर तेही बदलता येते.

सरकारी कामातल्या वैयक्तिक तक्रारींसाठी लोकशाही दिन आहे. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. आधी तालुक्याला जाऊन यावे, जिल्ह्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा, नाहीतर “पुढच्या महिन्यात या” ऐकून परतावे लागते. न्यायालयात असलेला विषय तिथे घेत नाहीत. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचे दहा रुपये खर्च करावे. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. माझ्या मते या सगळ्या यादीत दहा रुपयांना सर्वात जास्त वजन इथेच मिळते. बँक, विमा कंपनी किंवा दुकानदाराने फसवले असेल तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि हा आयोग नुसता सल्ला देत नाही, भरपाईचा आदेश देतो.

दरमहा मिळणाऱ्या पैशांचे थोडक्यात. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. ही मर्यादा इतकी जुनाट आहे की ती प्रामाणिकपणे पाळायची तर रोज दोन माणसांचे जेवणही बसत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३,००० रुपये. वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अट नाही, पैसेही पडत नाहीत. कोळसा खाणी, पेपर मिल इथून निवृत्त झालेल्यांनी हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहायची गरज नाही. पोस्टमन घरी येऊन करून देतो. तेंदूपाने खुडून बोटांचे ठसे झिजलेले असतील तर चेहरा दाखवूनही होतो.

वनहक्काच्या दाव्यात तर म्हातारपण हाच पुरावा असतो. दावेदार सोडून इतर बुजुर्गांचा लेखी जबाब नियमांत पुरावा म्हणून धरला आहे, आणि ग्रामसभेपुढे तो द्यायला फी नाही. मेंढा (लेखा) सारख्या गावांत ज्यांनी जंगलाच्या जुन्या वाटा आणि वापर सांगितले, ती पिढी आता कमी होत चालली आहे. गावातल्या बुजुर्गांचा जबाब याच हंगामात लिहून घ्या.

आणि घराबाहेर पडण्याआधी १४५६७ वर एक फोन करा. ज्येष्ठांची ही मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, फोन फुकट आहे. कोणत्या दारी, कोणते कागद घेऊन जायचे, एवढे जरी तिथून कळले तरी सिरोंच्याच्या त्या बापाचे हजार रुपये वाचतात.