समोरच्याच बँकेचा चेक, तरी संध्याकाळ का?

प्रश्न : पनवेलमध्ये दोन्ही बँका एकाच रस्त्यावर आहेत. तरी सकाळी भरलेला चेक वटायला संध्याकाळ का होते?

उत्तर : अंतराचा यात संबंधच नाही. कागद तुमच्या बँकेतच राहतो. पुढे जाते ती स्कॅन केलेली प्रतिमा आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवरचे आकडे. सही आणि शिल्लक मात्र चेक देणाऱ्याच्याच बँकेला तपासावी लागते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या सलग क्लिअरिंगमध्ये या बँकेला संध्याकाळी सातपर्यंत मुदत मिळाली; तोवर ती गप्प राहिली, तर चेक मंजूर धरला जातो.

मग समोरासमोरच्या बँकांनी थेट हिशेब का मिटवू नये? कारण मग प्रत्येक बँकेला दुसरीच्या पतीवर विसंबावे लागेल, आणि बँकाही अडचणीत येतात. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झालेला पनवेलकरांनी पाहिलाच आहे. म्हणून सगळ्यांचे येणे-देणे वजा करून उरलेली रक्कमच रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर फिरते. लहान सहकारी बँका बहुधा मोठ्या बँकेमार्फत यात येतात. राहिला प्रश्न प्रतिमेचा: तिच्यावरून फसवणूक होईल, अशी शंका येणे रास्त आहे. पन्नास हजार व त्यापुढच्या चेकचा तपशील आधीच बँकेला कळवण्याची ‘पॉझिटिव्ह पे’ सोय त्यासाठीच आहे.