स्वधर्म शोधावा लागतो का?

स्वाध्याय वर्गात गीतेचा तिसरा अध्याय सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. नोकरी ठीक चाललेली असते, घराचे हप्ते सुरू असतात, मुले शाळेत जात असतात. तो म्हणतो, "मी जे काम करतो त्यात माझे मन लागत नाही. माझा जन्म यासाठी झाला आहे असे वाटत नाही. मग माझा स्वधर्म कोणता? तो शोधू कसा?"

प्रश्न प्रामाणिक आहे. जागेपणीचा बराचसा वेळ ज्या कामात जातो, तेच ओझे वाटत असेल तर ते दुःख लहान नाही. "मन मारून कर" एवढे सांगून ते मिटत नाही. आणि "नोकरी सोड, आवडीच्या मागे जा" असे सांगणेही सोपे असले तरी जबाबदारीचे नाही. म्हणून या प्रश्नाकडे थोडे थांबून पाहू.

अर्जुनाला काय मिळाले?

अर्जुनही हेच म्हणत होता. हे काम मला नको, त्यापेक्षा भिक्षा मागून जगेन, असे त्याला वाटले. वरवर पाहता ही वैराग्याची भाषा आहे. पण ती वैराग्यातून आलेली नव्हती, मोहातून आलेली होती. भगवंतांनी त्याला दुसरे काम शोधून दिले नाही. अठरा अध्याय संपले तेव्हा रथ तोच होता, धनुष्य तेच होते, समोरची माणसेही तीच होती. बदलली होती ती अर्जुनाची दृष्टी. आधी तो "मला काय वाटेल" हे पाहत होता, नंतर "माझ्याकडून काय घडायला हवे" हे पाहू लागला.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. स्वधर्माविषयी त्यांचे म्हणणे असे की तो हुडकत फिरावा लागत नाही, तो आपल्याला सहज प्राप्त झालेला असतो. आपण आई निवडत नाही, तरी ती आपलीच असते, तसे हे आहे. आपण मात्र स्वधर्म म्हणजे कुठेतरी दडलेला खजिना समजतो. नकाशा सापडला की जीवन सुरू होईल, या आशेवर हातातले दिवस तसेच सोडून देतो.

आवड हिरावली गेली तेव्हा

मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे जीवन या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यांचा जन्म 1918 साली तामिळनाडूतील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी नात्यातल्या स्त्रियांचे बाळंतपणात झालेले मृत्यू त्यांनी पाहिले आणि प्रसूतितज्ज्ञ व्हायचे ठरवले. आवड स्पष्ट होती, ध्येय ठरलेले होते. मद्रासला शिकून ते डॉक्टर झाले, सैन्याच्या वैद्यकीय सेवेतही गेले.

पण तिशीच्या आसपास त्यांना तीव्र संधिवाताने गाठले. दीर्घकाळ ते अंथरुणाला खिळून होते. बोटे कायमची वाकडी झाली, पेन धरणेही कठीण झाले. प्रसूतिशास्त्राचा मार्ग तिथेच बंद झाला. "माझी आवड हाच माझा जीवनहेतू" असे त्यांनी धरले असते, तर त्यांचे जीवन त्या दिवशी संपल्यासारखे झाले असते.

ते नेत्रचिकित्सेकडे वळले. वाकड्या बोटांना शस्त्र धरायला शिकवले. हे एका दिवसात झाले नाही, सरावाने झाले. त्याच हातांनी त्यांनी पुढे एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या. त्यांच्यावर श्रीअरविंदांच्या विचारांचा खोल प्रभाव होता. 1976 साली, वयाच्या 58 व्या वर्षी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, त्यांनी मदुराईत श्रीअरविंदांच्या नावाने 11 खाटांचे रुग्णालय सुरू केले. भाऊ-बहिणी आणि त्यांचे जोडीदार या कामात उतरले.

मोतीबिंदूमुळे अंधत्व आलेला गरीब माणूस पैशाअभावी आंधळा राहू नये, एवढाच विचार होता. पण त्या विचाराला त्यांनी कामाची शिस्त दिली. ज्यांना परवडते ते पैसे देतात आणि त्यातून ज्यांना परवडत नाही त्यांची शस्त्रक्रिया होते. डॉक्टर तेच असतात. गावोगावी शिबिरे भरवून रुग्णांना रुग्णालयात आणले जाते. शस्त्रक्रियागृहात एक रुग्ण होईपर्यंत शेजारच्या टेबलावर दुसरा तयार असतो, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही. डोळ्यात बसवायची कृत्रिम भिंगे परदेशातून महाग पडत, म्हणून 1992 पासून ती मदुराईतच बनू लागली. 2006 साली डॉक्टर गेले, पण काम थांबले नाही.

तरुणपणी त्यांनी नेत्रचिकित्सा निवडली नव्हती. परिस्थितीने ती समोर आणून ठेवली. लहानपणी जे दुःख पाहून मन कळवळले होते, ते कळवळणे मात्र शेवटपर्यंत टिकले. आवडीचे रूप बदलले, तिच्या मुळाशी असलेला भाव तोच राहिला.

आपल्या कामात हे कसे आणायचे?

पहिली गोष्ट, आपल्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते पाहावे. बँकेतल्या कागदापलीकडे कुणाचे तरी पेन्शन असते. गोदामातल्या नोंदीमागे कुणाचे तरी औषध असते. ते माणूस दिसले की कामाचा कंटाळा लगेच जात नाही, पण कामाला अर्थ येऊ लागतो.

दुसरी गोष्ट, आवड पुष्कळदा कौशल्यामागून येते. अर्धवट मनाने केलेले कोणतेच काम गोड लागत नाही. सावता माळी मळ्यात राबले, गोरोबाकाकांनी माती तुडवली. विठ्ठल भेटावा म्हणून त्यांनी काम सोडले नाही. त्यांच्यासाठी कामच पूजा झाले.

मग काम कधीच बदलू नये का? तसे नाही. ज्या कामात रोज खोटे बोलावे लागते, कुणाला फसवावे लागते, ते सोडणेच धर्म आहे. सेवेची एखादी ओढ वर्षानुवर्षे टिकून असेल, घरच्यांची जबाबदारी सांभाळून तिकडे जाता येत असेल, तर अवश्य जावे. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारावा. मी कशाकडे तरी निघालो आहे, की कशापासून तरी पळतो आहे? पळणारा माणूस नव्या ठिकाणीही जुने मन घेऊनच पोहोचतो.

या आठवड्याचा अभ्यास

1. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी एक मिनिट शांत बसा. आज माझ्या कामाचा उपयोग कोणाला होणार आहे, त्या एका व्यक्तीचे स्मरण करा.

2. दिवसातले एक काम, शक्यतो सर्वात कंटाळवाणे, पूर्ण लक्ष देऊन आणि कुणी पाहत नसले तरी नीटनेटके करा.

3. रात्री वहीत दोन ओळी लिहा. आज कोणाचे दुःख पाहून माझे मन हलले? त्यासाठी माझ्या हातून काय होऊ शकते?

सात दिवसांनी ही वही वाचा. कदाचित त्यात नोकरी बदलण्याचे कारण सापडेल, कदाचित आहे तिथेच राहण्याचे. दोन्हींपैकी काहीही सापडले तरी ते पुढच्या वर्गात अवश्य सांगा.