वरवर बांधलेली जखम
शास्त्रपाठ : यिर्मया ६:१३-१४, इफिस. २:११-१८

भोपाळातील पिपलानी ही 'भेल' कारखान्याची वसाहत. येथे अनेक प्रांतांची व धर्मांची माणसे शेजारी राहत आली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवसापासून भोपाळ शहर पेटले. शंभराहून अधिक माणसे मेली. पुढे संचारबंदी उठली. परंतु कित्येक कुटुंबे मिश्र वस्ती सोडून आपापल्या लोकांत राहावयास गेली. दंगा थांबला, पण शेजार मोडला.

यास शांती म्हणावे काय? यिर्मयाच्या काळचे संदेष्टे व याजक लोकांची जखम वरवर बांधून सर्व कुशल आहे असे सांगत. देवाने त्यांस दोष दिला. पौल सांगतो की, यहूदी व परराष्ट्रीय यांच्यामधील भिंत ख्रिस्ताने स्वतःच्या देहाने पाडली. समेट करणाऱ्यानेच त्याची किंमत भरली.

आपण ख्रिस्ती लोक संख्येने थोडे. म्हणून "हे आपले भांडण नव्हे" असे म्हणणे सोपे जाते. परंतु ज्याला दोन्हीकडच्या उंबरठ्यावर जाता येते, त्याच्यावर जबाबदारी अधिक.

शिक्षकांसाठी : मुलांस विचारावे, अन्य धर्माच्या शेजाऱ्याच्या घरी आपण शेवटचे कधी गेलो? प्रथम शिक्षकाने स्वतः उत्तर द्यावे.