चौथीच्या पुढची शाळा

आमची शाळा जिल्हा परिषदेची आहे. तिला दोन खोल्या, एक व्हरांडा आणि अंगणात कडुलिंबाचे मोठे झाड आहे. वर्ग पहिली ते चौथी. मी चौथीत आहे, म्हणजे या शाळेत माझे हे शेवटचे वर्ष. गुरुजी म्हणाले, भित्तिपत्रकासाठी एखाद्या जुन्या हायस्कूलची माहिती लिहून आण. मी अमरावतीच्या श्री शिवाजी शाळेची निवडली, कारण आमचे आबाजी त्याच संस्थेच्या शाळेत शिकले. थोडी माहिती गुरुजींनी दिली, थोडी पुस्तकात सापडली, बाकी आबाजींनी सांगितली.

ही संस्था काढणाऱ्यांचे नाव डॉ. पंजाबराव देशमुख. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडिलांचे नाव शामराव, आईचे नाव राधाबाई. घरी शेती होती. पापळला तेव्हा शाळा होती, पण ती फक्त तिसरीपर्यंत. आमच्यापेक्षाही एक वर्ग कमी! म्हणून चौथीसाठी ते चांदूर रेल्वेला गेले. पुढे कारंजा लाडला गेले. कारंजा आता वाशिम जिल्ह्यात आहे, तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. त्यानंतर अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमध्ये मॅट्रिक झाले. मॅट्रिक होईपर्यंत चार गावे झाली. मी वर्गातल्या नकाशावर बोट ठेवून पाहिले. पापळ सापडले नाही, ते छोटे आहे. बाकीची तीन सापडली.

मग ते पुण्याच्या कॉलेजात गेले आणि १९२० साली विलायतेला गेले. त्यासाठी वडिलांनी जमीन गहाण ठेवली. आबाजी म्हणतात, "शेतकऱ्यानं जमीन गहाण ठेवनं म्हंजे काय, ते तुले आता नाही समजनार." तिकडे ते बॅरिस्टर झाले आणि वेदांवर मोठा निबंध लिहून डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणजे दवाखान्यातले नाही. मला आधी तसेच वाटले होते.

१९२६ साली ते परत आले आणि अमरावतीला वकिली करू लागले. पण त्यांना खेड्यातल्या मुलांची काळजी होती. मुलगा खेड्यातून शहरात शिकायला आला तर राहील कुठे आणि जेवील काय? शाळेत नाव घालणे सोपे, राहण्याचे कठीण. हे त्यांना स्वतःवरून माहीत होते. म्हणून त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. छात्रालय म्हणजे बोर्डिंग. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत. आता यात काय विशेष, आम्हीही खिचडी एका ओळीत बसून खातो, असे मी म्हटले. तेव्हा गुरुजींनी सांगितले की १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्य म्हटलेल्या लोकांना जाऊ देत नव्हते, त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्यात भाऊसाहेब पुढे होते. १९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. त्या काळात एका पंगतीत जेवणे ही लहान गोष्ट नव्हती.

१९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. नाव शिवाजी महाराजांचे. एका शाळेच्या पुष्कळ शाळा झाल्या. अकोल्याला शिवाजी कॉलेज निघाले. आता संस्थेच्या शाळा-कॉलेजे दोनशेच्या वर आहेत, पुष्कळशा खेड्यांत आणि तालुक्याच्या गावी. भाऊसाहेब १९५२ पासून १९६२ पर्यंत भारताचे कृषिमंत्री होते. १० एप्रिल १९६५ रोजी ते वारले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. तिथले बियाणे आमचे बाबा आणतात.

आबाजी तालुक्याच्या शिवाजी शाळेत पाचवीपासून होते. खोली करून राहत. दर शनिवारी पायी घरी यायचे आणि सोमवारी ज्वारीचे पीठ, डाळ अन् तिखट घेऊन जायचे. भाकर स्वतः थापायचे. पहिल्या वर्षी भाकरी नकाशासारख्या व्हायच्या, असे ते म्हणतात. आजी म्हणते, अजूनही तशाच होतात.

मी आजीला विचारले, तू कोणत्या शाळेत होती? आजी म्हणाली, "मी चवथी पास झाली माय. गणितात पहिली होती. पुढची शाळा नाल्यापलीकडं. पोरीच्या जातीले कोन पाठवते? बाबा म्हने, लिहिता-वाचता येते, झालं." शाळा तर होती, पण ती आजीसाठी नव्हती. मला वाटते आजीला पाठवायला पाहिजे होते. आजीला अजून पंधराचा पाढा तोंडपाठ आहे, आबाजी मधेच अडकतात.

जूनमध्ये आमच्या वर्गातली अकरा मुले पाचवीला शेजारच्या गावी जातील. मध्ये तोच नाला आहे, पण आता त्यावर पूल आहे. आम्ही चार मुली आहोत. तिघींच्या घरी हो म्हटले आहे. एकीच्या घरी अजून ठरले नाही. २६ जानेवारीला सगळ्यांचे आईबाबा झेंड्याला शाळेत येतील. गुरुजी म्हणाले, हा लेख दाराजवळ लावू.