रुग्णवृत्ताचे लेखन : एक अभ्यास

अनेक ज्येष्ठ वैद्यांच्या रुग्णनोंदवह्या त्यांच्या पश्चात रद्दीत जातात, ही खेदाची गोष्ट आहे. काही वैद्यबंधू आपला अनुभव इंग्रजीत लिहून संशोधनपत्रिकेकडे पाठवितात. परंतु लेख परत येतो. ‘आमचे इंग्रजी कच्चे’ असा निष्कर्ष काढून ते लेखणी खाली ठेवितात. आमच्या मते दोष बहुधा व्याकरणाचा नसून मांडणीचा असतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करू.

लेखनप्रकार म्हणजे काय?

इंग्रजी ही ज्यांची दुसरी भाषा आहे अशांना शास्त्रीय लेखन शिकविताना जॉन स्वेल्स यांनी १९८१ मध्ये ४८ शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासल्या. १९९० च्या ‘जॉनर अॅनालिसिस’ या ग्रंथात त्यांनी प्रस्तावनेच्या तीन पायऱ्या सांगितल्या : विषयाचे क्षेत्र दाखविणे, त्यातील उणीव दाखविणे आणि ती आपण कशी भरून काढतो हे सांगणे. त्यांच्या मते लेखनप्रकार शब्दांवरून नव्हे, तर प्रयोजनावरून ओळखावा.

हा विचार आपणांस परका नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ३६ आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. पूर्वपक्ष, संशय, निर्णय या त्यांपैकीच होत. शास्त्र कसे रचावे व कसे वाचावे याची शिस्त आपल्या आचार्यांनी घालून दिलीच होती.

उदाहरण

समजा, गृध्रसीचे रुग्णवृत्त लिहावयाचे आहे. आपण बहुधा आयुर्वेदाच्या थोरवीने आरंभ करतो, मग श्लोक देतो आणि शेवटी ‘रुग्णास उत्तम उपशय मिळाला’ असे लिहितो. त्याऐवजी पुढील क्रम पाहावा :

१. गृध्रसीत बस्तीचा उपयोग वैद्य नित्य करतात.
२. तथापि उपशय किती काळ टिकतो, याच्या दिनांकवार नोंदी आम्हांस थोड्याच आढळल्या.
३. येथे एका रुग्णाची सहा महिन्यांची नोंद देत आहोत.

दुसरे वाक्य पूर्वप्रकाशित लेख वाचल्यावाचून लिहू नये. उणीव कल्पनेने निर्माण करणे हा अप्रामाणिकपणा होय.

पुढील भाग

रुग्णवृत्तासाठी २०१३ मध्ये ‘केअर’ ही १३ मुद्द्यांची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. रुग्णाची माहिती, कालक्रम, निदान, चिकित्सा, पाठपुरावा, रुग्णाचे स्वतःचे मत व संमती हे मुद्दे तीत आहेत. निदानपंचकाचा विचार निदानाच्या भागात सहज सामावतो.

औषधीनिर्मात्या बंधूंचा संबंध चिकित्सेच्या भागाशी येतो. ‘योगराज गुग्गुळ दिला’ एवढे पुरेसे नाही. कोणत्या ग्रंथाचा पाठ, निर्माता कोण, बॅच क्रमांक, मात्रा, अनुपान, काल हे लिहिले तरच दुसरा वैद्य तोच प्रयोग करून पाहू शकेल. यासाठी घटकद्रव्यांची माहिती दुकानदारांनी वैद्यांस तत्परतेने द्यावी.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. सुबक साचा असत्याला सत्य करीत नाही आणि एका रुग्णावरून सिद्धांत ठरत नाही. अपयश आले असल्यास तेही लिहावे.

स्वाध्याय

आपल्या आवडीच्या पत्रिकेतील पाच रुग्णवृत्ते घ्यावीत. प्रत्येक परिच्छेदापुढे समासात त्याचे कार्य एका शब्दात लिहावे. नंतर आपल्या वहीतील एक रुग्ण निवडून प्रथम मराठीत त्याच क्रमाने मांडावा आणि मगच इंग्रजीत उतरवावा. भाषा सुधारण्यास साहाय्य करणारे पुष्कळ भेटतील. रुग्ण पाहिलेला वैद्य मात्र एकच असतो.